मिठीकाठची शाळा

शीव आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, धारावीच्या बस आगारासमोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. क्षेत्र सुमारे ३७ एकर. एका अंगाला धारावीची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला मिठी नदी आणि नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उंच इमारती. १९७७ पर्यंत इथे मुंबईचा कचरा पडत होता. १९९४ मध्ये ही जागा उद्यान म्हणून लोकांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून शाळांची मुले इथे झाडे, पाखरे, माती, खत आणि पाणी प्रत्यक्ष हाताळून शिकायला येतात. कचऱ्यावर उगवलेले जंगल अशी या उद्यानाची ओळख करून दिली जाते. ती खरीच आहे, पण तेवढ्याने त्याचे मोल कळत नाही. हाताने शिकण्यासाठी मुलांना हक्काची जमीन हवी, ही महाराष्ट्रातली शंभरहून अधिक वर्षांची जुनी मागणी आहे. ती मागणी आपण पुनःपुन्हा तासिकेत, पाठ्यपुस्तकात आणि गुणपत्रिकेत विरघळवून टाकली. एका महानगराने एका मोडलेल्या नदीच्या काठी ती काही अंशी पुरी केली, हे या उद्यानाचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे.

आधी नदीची गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण इथला अभ्यासक्रम तीच ठरवते. मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिच्या वरच्या प्रवाहावर १८५६ ते १८६० या काळात विहार तलाव बांधला गेला आणि मुंबईला नळाने पाणी मिळू लागले. १८९० मध्ये पवई तलाव आला. म्हणजे वरचे पाणी शहराने आधी पिण्यासाठी अडवले, आणि पुढे पावसाळा सोडला तर नदीला मिळत राहिले ते प्रामुख्याने सांडपाणी. खालच्या अंगाला तर जमीन आणि पाणी यांची सीमाच कधी पक्की नव्हती. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खाजणे, त्यांतली तिवरे, काठावरचे कोळीवाडे अशी ती दुनिया होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवला आणि १८४० च्या दशकात माहीमला, लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून, खाडीवर बांधरस्ते झाले. नंतर कातडी कमावण्याचे धंदे शहराच्या या टोकाला ढकलले गेले, विमानतळाच्या विस्तारात नदीचा प्रवाह वळवला गेला, खाजणे बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. शहराला जे नकोसे होते ते नेऊन टाकण्याची जागा म्हणजे मिठीचा काठ, हा रिवाज दीडशे वर्षांत पक्का होत गेला. कचराभूमी हा त्याच रिवाजाचा एक भाग होता.

आता दुसरा धागा. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे ही त्यातली मागणी सर्वज्ञात आहे. तिच्याच शेजारी असलेल्या एका सूचनेकडे मात्र कमी लक्ष जाते. खेड्यातल्या शाळांचे शिक्षण व्यवहारोपयोगी असावे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे त्यात असावेत, आणि शेतीच्या धड्यांसाठी शाळेला जोडून नमुन्यादाखल एक लहानसे शेत असावे, जिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवता येईल, असे फुले यांनी सुचवले होते. या सूचनेचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. शेतीवर धडा हवा एवढे सांगून ते थांबले नाहीत, त्यांनी शेत मागितले. ज्या समाजात पुस्तक एका वर्गाच्या हाती आणि नांगर दुसऱ्या वर्गाच्या हाती अशी शतकानुशतकांची वाटणी होती, तिथे दोन्ही एकाच मुलाच्या हाती देण्यासाठी जमिनीचा एक तुकडा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

यानंतरचे बरेच प्रयोग याच मागणीच्या आसपास फिरताना दिसतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताचे काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवून त्यातून गणित, भूगोल आणि समाज शिकवावा, ही तिची मांडणी सेवाग्रामच्या शेतात आणि उद्योगशाळेत उतरली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांच्या साथीने तिथे उभी राहिलेली कुरणशाळा हा या इतिहासातला फार महत्त्वाचा टप्पा आहे. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, असा तो सरळ विचार होता. कुरणातली पाने, बिया, किडे, ओढ्याचे पाणी हेच तिथले शैक्षणिक साहित्य. मुलाचे आयुष्य जिथे घडते त्या जागेला वर्ग मानण्याचे धाडस कोसबाडने केले.

मग हे सगळीकडे का पसरले नाही? उत्तर प्रत्येक वेळी थोडे वेगळे असले तरी एक गोष्ट सतत दिसते. प्रयोगाची शासकीय आवृत्ती निघाली की त्यातली जागा गळून पडते आणि तासिका उरते. नई तालीमचे तेच झाले. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ च्या काळात कार्यानुभवाची शिफारस केली, तेव्हा हेतू गंभीर होता. महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत मात्र कार्यानुभव म्हणजे आठवड्यातल्या एखाद्या तासाला कागदाची फुले करणे एवढेच शिल्लक राहिले. शिक्षकांना दोष देऊन हे प्रकरण संपत नाही. साठ मुलांचा वर्ग, सिमेंटचे पटांगण आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास एवढ्या भांडवलावर कोणता अनुभव उभा राहणार? फुले यांनी मागितलेला जमिनीचा तुकडा शाळेला मिळालाच नव्हता.

नर्मदेच्या काठावरचे उदाहरण आणखी बोलके आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचीही त्याला साथ होती. मुले शेतात जात, पाने गोळा करून त्यांचे गट पाडत, माती पाण्यात ढवळून तिचे थर पाहत आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने त्याची धुरा घेतली. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. त्यामागच्या राजकारणाची चर्चा वेगळी. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की विभागाच्या परवानगीवर जगणारे शिक्षण कितीही उत्तम असले तरी एका आदेशाने थांबू शकते. त्यातून घडलेली पुस्तके आणि माणसे उरली, इतर प्रयोगांना उपयोगी पडली, हे खरे. पण पुढच्या वर्षीच्या सहावीतल्या मुलाला त्याच शाळेत ते शिक्षण मिळाले नाही.

याच काळात पर्यावरण हा विषय जगभर शिक्षणात येत होता. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर ऑक्टोबर १९७७ मध्ये तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. जाणीव आणि माहिती यांच्याबरोबर कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग हीही या शिक्षणाची उद्दिष्टे असली पाहिजेत, असे तिथे ठरले. भारतात एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवण्याचा निर्देश दिला, आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय पातळीवरचा अभ्यासक्रम स्वीकारायला राज्यांना सांगितले. त्या आदेशांमुळे कोट्यवधी मुलांपर्यंत हा विषय पोहोचला, हे उपकार नाकारता येणार नाहीत. महाराष्ट्रात अलीकडे नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयही आला, आणि त्यात उपक्रमांना चांगली जागा आहे. तरीही न्यायालय पुस्तकाची सक्ती करू शकले, काठाची करू शकले नाही. ज्या मुलाच्या वस्तीजवळचा नाला पत्र्याने झाकलेला आहे आणि नदी भिंतीपलीकडे आहे, त्याने जलसुरक्षेचा उपक्रम करायचा कुठे? मग तो उपक्रम वहीत होतो, चित्रे आंतरजालावरून येतात आणि श्रेणी मिळते.

या पार्श्वभूमीवर, आज उद्यान आहे तिथली माहीमची कचराभूमी १९७७ मध्ये बंद झाली तेव्हाचा निर्णय वेगळा उठून दिसतो. त्या जागी निसर्ग शिक्षणाचे उद्यान व्हावे ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलली. त्याच प्राधिकरणाने नदीपलीकडच्या खाजणावर व्यापारी संकुल उभे केले, हा विरोधाभास ध्यानात ठेवला पाहिजे. तसाच तिथला जमिनीचा भाव पाहता अलीकडच्या काठावर ३७ एकर शिकण्यासाठी राखणे किती अवघड होते, हेही. कचऱ्यावर माती पसरली गेली, देशी झाडे लावली गेली, पावसाचे पाणी साठवणारे तळे झाले, रोपवाटिका आणि शिक्षण केंद्र उभे राहिले. १९९१ मध्ये, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाचा निर्देश दिला त्याच वर्षी, ही जागा संरक्षित वन म्हणून घोषित झाली. माझ्या मते या दोन निर्णयांपैकी दुसऱ्याचे शैक्षणिक मोल आपण अजून नीट ओळखलेले नाही. वनखात्याच्या नोंदीतली एक ओळ हीच इथल्या शाळेचा पाया ठरली.

इथे मुलाला जे शिकता येते ते ताडोबाच्या सहलीतही मिळणार नाही. राखलेल्या अरण्यात मुलाला निसर्ग दिसतो, पण तो माणसांपासून दूर असतो तेव्हाच सुंदर असतो, असा चुकीचा धडाही नकळत मिळतो. मिठीच्या काठावर निसर्ग आणि शहर यांचा हिशेब एकाच जागी मांडलेला आहे. पालापाचोळा हातात घेऊन वास घेतला, एका टोपलीत पाने आणि दुसरीत प्लास्टिक ठेवून काही महिन्यांनी पाहिले, की कुजणे म्हणजे काय आणि न कुजणे म्हणजे काय हे मुलाकडून कोणाला पाठ करून घ्यावे लागत नाही. त्यात पायाखालची जमीनच कचऱ्याची आहे, त्यामुळे 'फेकून दिले' म्हणजे नेमके कुठे गेले या प्रश्नाला तिथे पत्ता मिळतो. तिवराची मुळे चिखलातून वर का डोकावतात, हे काठावर उभे राहिले की विचारावेसे वाटते. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून ती हवेतून तो घेतात. पानावरचा खारट थर बोटाला लागला की झाड मीठ बाहेर टाकते हे कळते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे नोंदवहीत आठवडाभर टिपले तर चंद्राचा धडा आणि पुराचा धडा एकत्र येतात.

पुराचा धडा मुंबईला पुस्तकातून घ्यावा लागलाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली बुजवलेली खाजणे परत मागितली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने त्या पुराचा अभ्यास केला, नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी आणली. त्याआधी कितीतरी मुंबईकरांच्या लेखी मिठी हा एक नाला होता. शहराने आपल्या नदीला विसरणे हे केवळ भावनिक नुकसान नव्हते, त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागली. भरती, पाऊस आणि अरुंद पात्र यांचे नाते ज्या पिढीने शाळेत असतानाच काठावर उभे राहून पाहिले आहे, ती पिढी पुढे नगरसेवक, अभियंता किंवा मतदार म्हणून निराळे प्रश्न विचारण्याची शक्यता जास्त, एवढी अपेक्षा ठेवणे वाजवी आहे.

या मांडणीवर गंभीर आक्षेप आहेत. पहिला आक्षेप जागेचाच. धारावीत माणसाला पाय पसरायला जागा नाही, आणि शेजारी ३७ एकर झाडांसाठी? हा प्रश्न न्यायाच्या भूमिकेतून येतो, म्हणून त्याला सन्मानाने उत्तर दिले पाहिजे. धारावीकरांच्या घरांची टंचाई खरी आहे. पण ती या उद्यानामुळे झालेली नाही आणि ते मोडून मिटणारही नाही, कारण मुंबईत मोकळी झालेली जमीन गरिबाच्या वाट्याला आपोआप येते असा अनुभव नाही. भरावाच्या आणि पुराच्या काठावर घरे बांधली तर त्यांत राहणाऱ्यांनाच त्याची शिक्षा भोगावी लागेल. श्रीमंताच्या मुलाला उन्हाळ्यात डोंगर आणि समुद्र मिळतो. धारावीतल्या मुलाला चालत जाऊन गाठता येईल असे झाड हेच आहे. पुनर्विकासाच्या चर्चेत हे उद्यानही गिळले जाते की काय, या भीतीने नागरिक उच्च न्यायालयात गेले तेव्हा उद्यान प्रकल्पाबाहेर असल्याचे तिथे सांगितले गेले. होशंगाबादचा कार्यक्रम आणि माहीमची जागा यांतला फरक इथे उघड होतो. जमीनही हिरावली जाऊ शकते, पण ती हिरावताना सगळ्यांना दिसते, आणि कायद्यातली नोंद लढणाऱ्याच्या हाताशी असते.

दुसरा आक्षेप शिक्षणतज्ज्ञांचा. अर्ध्या दिवसाच्या सहलीने काय होणार? मुले येतात, डबा खातात, फुलपाखरू पाहतात आणि जातात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. एकदा येणे म्हणजे शिकणे नव्हे. एकच झाड जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि मार्चमध्ये पाहणे, तेच पाणी पावसाआधी आणि पावसानंतर तपासणे, मागच्या तुकडीची नोंद पुढच्या तुकडीने पुढे नेणे, हे खरे शिक्षण. कोसबाडच्या कुरणाचे बळ मुले रोज तिथे असण्यात होते. त्यासाठी जागा कायमची आणि जवळची असावी लागते, आणि शाळेच्या वेळापत्रकात तिला वर्षभराचे स्थान असावे लागते. शीव, माहीम, धारावी, कुर्ला इथल्या महापालिका शाळांना हे सहज शक्य आहे.

तिसरा आक्षेप पाण्याचा. मिठीत उतरणे धोक्याचे आहे, मग 'हाताने शिकणे' कशाला म्हणायचे? मुलांना त्या पाण्यात उतरवू नये, यात शंका नाही. पण शिक्षकाने हातमोजे घालून काढलेल्या नमुन्यात पाण्याची आम्लता, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू मोजता येतो. आंघोळीयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. आपल्या नदीचा आकडा त्याशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिणे हा विज्ञानाचाही धडा आहे आणि नागरिकशास्त्राचाही. नदी इतकी घाण झाली आहे की मुलांनी तिच्याजवळ जाऊ नये, हा युक्तिवाद आपण फार काळ वापरला, आणि जिच्याजवळ कोणी जात नाही ती नदी अधिकच घाण होत गेली.

चौथा आक्षेप सर्वांत टोकदार आहे, आणि तो फुले यांच्याकडेच परत नेतो. धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये शहराचा कचरा वेगळा करणाऱ्या हातांना 'हात मळवून शिका' असे सांगण्यात काय अर्थ? कचऱ्याचे वर्गीकरण इंग्रजी शाळेतल्या मुलासाठी उपक्रम असतो, त्या वस्तीतल्या मुलासाठी आईबापांची रोजीरोटी आणि बहुधा जातीने दिलेला वाटा. आणि नदी मोठ्यांनी नासवायची, मग मुलांकडून शपथा घ्यायच्या, हा कोणता न्याय? या आक्षेपाला उडवून लावणारे निसर्गशिक्षण खोटे ठरेल. सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी महापालिकेची आणि शासनाची आहे. ती बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकता येणार नाही. पण म्हणूनच हे शिक्षण गोड उपदेशाऐवजी नोंदीवर आणि मोजमापावर उभे राहिले पाहिजे. तिवराची, निवटीची आणि चिंबोरीची माहिती कोळीवाड्यातल्या बाईला जितकी असते तितकी क्वचितच एखाद्या पदवीधराला असते. कोणते प्लास्टिक पुन्हा वितळते आणि कोणते नाही, हे तेरा कंपाऊंडमधला कारागीर स्पर्शाने सांगतो. त्यांना शिक्षक म्हणून बोलावणारे आणि त्या वेळेचे मानधन देणारे उद्यान हातांची जुनी विषम वाटणी थोडीतरी मोडेल.

आज शहरोशहरी नदीकाठ विकसित करण्याची लाट आहे. अहमदाबादला साबरमतीच्या दोन्ही काठांवर सुमारे अकरा-अकरा किलोमीटर बांधीव किनारा झाला आणि पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी आले. पुण्यात मुळा-मुठेच्या काठांसाठीही तशीच योजना सुरू आहे आणि तिच्यातल्या झाडांवरून लोक रस्त्यावर उतरले आहेत. फिरायला मोकळी जागा हवी, हे कोणीही मान्य करील. परंतु सरळ उतरत्या भिंतीखाली वाहणाऱ्या पाण्याकडे मुलाला फक्त बघता येते. चिखल नाही, उतार नाही, मुळे नाहीत, भरती-ओहोटीची किंवा पूर ओसरल्याची खूण नाही, मग शिकायचे कशावर? काठाची रचना ठरवतानाच तिथे काय शिकता येईल हेही ठरून जाते, आणि ही गोष्ट निविदा काढणाऱ्यांच्या मनात यावी म्हणून शिक्षण क्षेत्रातल्या लोकांनी त्या चर्चेत असायला हवे.

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरातून एखादी नदी जाते: गोदावरी नाशिकमधून, पंचगंगा कोल्हापुरातून, कृष्णा सांगलीतून, नाग नागपुरातून. प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात नदीकाठचा काही भाग शैक्षणिक उपयोगासाठी राखून ठेवता येईल, त्याला कायद्याचे संरक्षण देता येईल, आणि आसपासच्या शाळांना वर्षभराच्या नोंदींसाठी तो वाटून देता येईल. यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधायला नको. १८८२ मध्ये पुण्याच्या एका माणसाने शाळेसाठी शेत मागितले, कोसबाडने कुरण वर्ग म्हणून वापरले आणि मुंबईने कचराभूमीसुद्धा त्या कामाला चालते हे दाखवून दिले. जी जमीन टाकाऊ ठरवली गेली होती तिथे हे जमले असेल, तर जागा नाही हे कारण यापुढे कोणत्याही महापालिकेला देता येणार नाही.